जेलच्या गोळ्या

तुमच्या आईने परवा फोनवर विचारलं, "मुलं विचारतात, आजी जेलमध्ये कशाला जाते? काय सांगू त्यांना?" मी म्हटलं, सांग, तिथे तिला काम असतं. फोन ठेवला आणि ते उत्तर मला दिवसभर टोचत राहिलं. तुम्ही तिकडे दूर. तुमच्या मनातली आजी म्हणजे निगडीच्या प्राधिकरणात राहणारी, डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवणारी, इंग्रजी शाळेत शिकलेली आणि तुमच्या इंग्रजीतल्या चुका काढणारी बाई. ती खरीच आहे. पण आठवड्यातून एकदा हीच बाई कारागृहाच्या दारात पर्स, मोबाइल आणि छत्रीसुद्धा जमा करते, मनगटावर जांभळा शिक्का मारून घेते आणि आत जाते. म्हणून हे लिहिते आहे. अडलं तर आईला विचारा.

मी औषध कंपनीत गुणवत्ता विभागात होते. गोळी ओल धरते का, वेळेत विरघळते का, पाकिटावर लिहिलंय तेवढंच तिच्यात आहे का, हे बघण्यात माझी नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर एका लहान संस्थेने बोलावलं. तेव्हा आजोबा म्हणाले, "इतकी वर्षं गोळ्यांवर पहारा केलास, आता माणसांवर कर."

काम काय, ते सांगते. पूर्वी कारागृहाचा दवाखाना सगळ्यांपासून तुटलेला असायचा. डॉक्टर कारागृहाचा, औषधं कारागृहाची. माणूस आत असेपर्यंत त्यांचा, दाराबाहेर पडला की कुणाचाच नाही. बाहेरच्या दवाखान्याला तो आत होता हे ठाऊक नसे आणि तो स्वतः होऊन कशाला सांगेल? मग ठरलं की कैद्याचं दुखणं हे सार्वजनिक आरोग्य खात्यानेच बघायचं, जसं ते तुमच्या-आमच्यासारख्यांचं बघतं. तपासण्या आणि औषधं खात्याची, जागा आणि बंदोबस्त कारागृहाचा, आणि दोघांमध्ये निरोप पोचवणारी आमची संस्था. माणूस सुटला की त्याच्या घराजवळच्या सरकारी दवाखान्याला कळवायचं, म्हणजे उपचार तुटत नाहीत. बैठकीत हे फार सोपं वाटतं. तिथे सगळे एकमेकांच्या कपात चहा ओततात आणि 'समन्वय' हा शब्द वापरतात.

आता ज्याच्यामुळे मी हे लिहायला बसले, त्याच्याबद्दल. चाकणजवळ महाळुंग्याच्या एका कारखान्यात तो ठेकेदाराकडून लागला होता, पत्रा दाबायच्या मशीनवर. गेटबाहेर दोन ठेकेदारांच्या माणसांत मारामारी झाली, कुणाचं तरी डोकं फुटलं, आणि पकडलेल्यांत हाही होता. त्याने मारलं की नाही, मला माहीत नाही. ते ठरवणं माझं काम नव्हतं. आत असताना त्याला खोकला लागला, वजन उतरलं, आरोग्य खात्याच्या तपासणीत थुंकीत टीबीचे जंतू सापडले. गोळ्या सुरू झाल्या. रोज सकाळी, न चुकता.

मी गेले की तो बाकावर बसलेला असायचा. "मॅडम, बाहेर असतो तर एवढ्या वेळेवर जेवलोपण नसतो," म्हणायचा. घरी आई आणि लहान मुलगी एवढीच होती, मुलगी नुकती चालायला लागलेली. आईला त्याने बजावलं होतं, खोकला जाईपर्यंत तिला भेटीला आणायची नाही. मला ते आवडलं होतं. असा रुग्ण उपचार अर्ध्यावर टाकणार नाही, असं मी मनाशी धरून चालले होते.

एका आठवड्यात मी गेले तर बाक रिकामा.

"कालच सुटला, मॅडम," कारागृहाचे डॉक्टर म्हणाले. भला माणूस आहे, वयाने तुमच्या मामाएवढा. "संध्याकाळी कोर्टाचे आदेश टाकतात ती गेटवरची पेटी उघडली, त्यात ह्याच्या जामिनाचा आदेश निघाला. आई न्यायला आली होती."

"आणि औषध?"

"दिलं ना. पुढचे पंधरा दिवस पुरेल इतकं. पिशवीत घातलं, वर दवाखान्याचा पत्ता लिहिला, गेटवर शिक्का मारून घेतला. मी स्वतः त्याच्या हातात दिली."

सगळं ठरल्याप्रमाणे झालं होतं. तरी मी घरी येऊन त्याचा नंबर लावला. बंद. दुसऱ्या दिवशी बंद. महापालिकेच्या दवाखान्यात विचारलं तर तिथला मनुष्य म्हणाला, हे गाव आमच्या हद्दीत नाही. मोशीच्या पुढे इंद्रायणीचा पूल ओलांडला की महापालिका संपते आणि जिल्हा परिषद सुरू होते. जंतूला हे कुणी सांगितलेलं नसतं. शेवटी चाकणच्या बाजूच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या आरोग्य सेविकेचा नंबर मिळाला. तिला संस्थेच्या कार्यालयातून निरोप पोचला होता आणि ती वाट बघत होती. "नाही आला, मॅडम. गावात विचारत फिरले असते, पण मग दुपारपर्यंत सगळ्यांना कळेल."

त्या आठवड्यात मी एका जागी बसू शकले नाही. टीबीचं औषध मध्येच सुटलं की उरलेले जंतू नेहमीच्या गोळ्यांना दाद देईनासे होतात. मग लांबलचक, अंगाला जड जाणारा उपचार, आणि तोही लागू पडेल की नाही कोण जाणे. आणि तो आता एका खोलीत त्या लहान मुलीबरोबर झोपत असणार. मी मसाल्यांचे डबे काढून पुन्हा लावले. कपाट आवरलेलं होतं, ते परत आवरलं. आजोबा फोडणीसाठी मोहरी शोधत होते. म्हणाले, "अगं, तो जामिनावर सुटलाय, पळून नाही गेला. मोहरी मात्र फरार आहे."

पुढच्या आठवड्यात कारागृहाचं काम लवकर आटोपून मी तशीच चाकणला गेले. सेविका स्कूटर घेऊन थांबली होती. तिने मला जादा हेल्मेट दिलं आणि म्हणाली, "घट्ट धरा, काकू. हे कंटेनरवाले आपल्याला मोजत नाहीत." चौकात तासभर तरी अडकलो असू. तिने पूर्ण वेळ इंजिन बंद-चालू केलं आणि मी पूर्ण वेळ मनातल्या मनात वाक्यं जुळवली. त्याच्या आईला काय सांगायचं, कुठल्या क्रमाने सांगायचं.

घर गावाच्या कडेला होतं. पुढे ओटा, मागे भाड्याने दिलेल्या पत्र्याच्या खोल्या. आई ओट्यावर शेपूची जुडी निवडत बसली होती. शेजारी ती मुलगी वाटीत चमचा आपटत होती.

"कोन पाहिजे?"

"मावशी, मी आरोग्य केंद्रातली. तुम्ही बीपीच्या गोळ्यांना येता की माझ्याकडं."

"व्हय, वळखलं. आन् ह्या?"

"ह्या मॅडम माझ्यासोबत आल्यात."

आईने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि नजर मनगटावर थांबली. सकाळचा शिक्का अजून तसाच होता. तिचा आवाज एकदम खाली आला. "मी भेटीला गेलते तवा मलाबी मारलेला. दगडानं घासला तवा निघाला. बाई, आदी हात धुवून घ्या. तकडं मोरी हाय, साबन हाय."

मी हात धुतले. ती जवळ उभी राहून बघत होती. शाई काही निघेना. "ऱ्हाऊ द्या आता. पदर घ्या त्याच्यावर," ती म्हणाली. आम्हाला तिने ओट्यावर बसवलं. आत बोलावलं नाही.

बोलणं ऐकून तो बाहेर आला. दाढी केलेली, कोरा शर्ट. मला बघून ओशाळला. जुळवलेली वाक्यं बाजूला राहिली आणि मी सरळच विचारलं, "गोळ्या चालू आहेत ना?"

त्याने आईकडे पाहिलं.

"कंच्या गोळ्या?" आई म्हणाली.

"कारागृहातून दिल्या होत्या त्या. पिशवीतल्या."

"त्या देहूला गेल्या."

मला काही समजेना. सेविका म्हणाली, "देहूला म्हणजे, मावशी?"

"म्हंजे नदीला. आमच्यात असंच हाय. तुरुंगातनं मानूस आला की त्याला तसाच उंबऱ्याच्या आत घेत न्हाईत. आदी नदीला न्यायाचा, डोक्यावरनं पानी घ्यायाचं. अंगावरचं, हातातलं समदं तितंच सोडायचं. नवी कापडं घालायची आन् मागं न बघता घरी यायचं. ह्याचा चुलतआजा गांधींच्या मागं जाऊन आत बसलेला, त्यालाबी असाच आनला व्हता. लोकं हार घेऊन हुबी, आन् माजी आजेसासू म्हनली, हार ऱ्हाऊ द्या, आदी आंगूळ."

"पाण्याला पांढरा फेस होता, मॅडम," मुलगा म्हणाला. "वरच्या कंपन्यांचा. तिथं आंघोळ केली आणि ती आंघोळ धुवायला घरी येऊन परत आंघोळ केली."

"गप. देवाचं पानी हाय ते."

"देवाचंच हाय, आये. पर सोडलंय कंपनीनं."

मला हसू आलं नाही. सेविका हसली आणि त्या हसण्यातच तिने विचारलं, "पिशवीत औषध होतं हे ठाऊक होतं का, मावशी?"

"व्हतं की. ह्यो म्हनला, आये, एवढं ऱ्हाऊ दे. पिशवीवर ह्यो एवढा शिक्का जेलचा. मी म्हनले, दुखनं जेलात लागलं, औषध जेलाचं. दोनीबी सोड हितंच."

मी मुलाकडे बघितलं. इतक्या महिन्यांनी बाहेर आलेला, आई समोर उभी, हातात नवे कपडे घेऊन. त्याने काय भांडावं? आणि त्याला बरंही वाटत होतं. तो तसं म्हणालाच, "मॅडम, मला आता काही त्रास नाही." माझ्या ऐकण्यात यापेक्षा धोक्याचं वाक्य नाही. टीबीच्या रुग्णाला गोळ्यांनी आधी बरं वाटतं आणि तो बरा होतो मागाहून, खूप मागाहून.

तेवढ्यात मुलगी उठली आणि धडपडत त्याच्या गुडघ्यावर चढली. त्याने तिला धरलं, आणि तोंड एकदम दुसरीकडे वळवून कोपरात खोकला. लहानसा खोकला. आईचे शेपूतले हात थांबले.

"धुळीचा हाय," ती म्हणाली. "गाड्या लई झाल्यात."

मला राहवेना. मी म्हटलं, "मुलीलाही तपासायला लागेल. घरात सगळ्यांनाच."

"पोरीचं नाव काडू नका, बाई." आवाज चढला नव्हता. ती पुढे म्हणाली, "गावात सांगितलंय, पोरगा नाशकाला कामाला गेलता. परवापासनं नव्या ठेकेदाराकडं लागतोय, बारा तासाची शिफ्ट. तुमी गोळ्या घेऊन रोज दारात येनार, लोकं इचारनार. आज टीबी कळंल, उद्या जेल कळंल. मंग त्याला कामावर कोन घेतंय?"

सेविकेने वाद घातला नाही. तिने पर्समधून गोळ्यांचं एक पाकीट काढलं आणि आईच्या हातात बघायला दिलं. आईने ते उन्हाकडे धरलं, उलटंपालटं केलं.

"ह्या त्याच हायत."

"त्याच."

"म्हंजे तूबी जेलातनं आनल्या?"

"नाही ओ. आमच्या केंद्रातल्या आहेत. तिकडं जेलातपण आता आमच्या खात्याच्याच जातात. बीपीच्या गोळ्या जिथून येतात ना तुमच्या, तिथूनच."

"मंग वर जेलचा शिक्का का मारला?"

सेविकेने माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं की कारागृहातून जी वस्तू बाहेर पडते तिच्यावर गेटवर शिक्का लागतो, तसा नियम आहे.

"मारा की," आई म्हणाली. "पर मंग ते नदीतच जानार."

ती उठून आत गेली. बराच वेळ आली नाही. मुलगा हळूच म्हणाला, "नाही ऐकायची ती." सेविका घड्याळ बघत होती, तिला अजून दोन वाड्यांवर जायचं होतं. मला वाटलं, संपलं. आता पुन्हा फोन, पुन्हा बंद नंबर, आणि काही महिन्यांनी कुठल्यातरी मोठ्या रुग्णालयात हाच माणूस, निम्म्या वजनाचा.

आई बाहेर आली ती हातात एक कापडी पिशवी घेऊन. रंग उडालेली, दोरी ओवलेली. त्यात तिच्या बीपीच्या गोळ्या होत्या.

"ह्यात टाका," ती म्हणाली. "तुमी कुनी दारात यायचं न्हाई. मी माज्या गोळ्यास्नी येते तवाच त्याच्याबी नेईन. सकाळी शिफ्टच्या आदी माज्या म्होरं गिळंल. कुनी इचारलं तर सांगंन, म्हातारीला दुखनी लई."

"आज नाही देता यायच्या, मावशी," सेविका म्हणाली. "मध्ये खंड पडलाय. आधी थुंकी तपासायची, मग डॉक्टर सांगतील त्या." तिने झाकणाची डबी काढून मुलाला दिली. तो ती घेऊन घरामागे गेला. आईने मुलीला उचलून कडेवर घेतलं आणि आमच्याकडे न बघता म्हणाली, "हिची लस ऱ्हायलीय. त्या निमतानं आनते सोमवारी. काय बघायचं ते बघा."

निघताना तिने आम्हाला पाणी दिलं. आत बोलावून दिलं.

तपासणीचा निकाल येईपर्यंतचे दिवस आधीच्या आठवड्यापेक्षा वाईट गेले. आधी निदान काही कळत नव्हतं. आता डबी प्रयोगशाळेत होती आणि तिथे कुठेतरी उत्तर तयार होत होतं. थुंकीत अजून जंतू असतील का, हा एक प्रश्न. असतील तर ते आपल्या गोळ्यांना मरतील का, हा खरा प्रश्न. सेविकेला मी इतके फोन केले की शेवटी ती म्हणाली, "काकू, मीच करते. तुम्ही नका करू."

त्याच दिवसांत आमची बैठक होती. मी पिशवीवरच्या शिक्क्याचा विषय काढला. कारागृहाचे अधिकारी सभ्यपणे म्हणाले, "मॅडम, शिक्क्याशिवाय या गेटमधून माणूसही बाहेर जात नाही." मग मी म्हटलं, औषध गेटमधून नेऊच नका, ते आरोग्य केंद्रात थांबू द्या, माणसाने तिथून घ्यावं. डॉक्टरांना ते पटलं नाही. "आणि नाही गेला तर? हातात दिलेली पिशवी निदान काहींच्या तरी घरी पोचते." त्यांचं चूक नव्हतं. माझंही नव्हतं. अजून त्यावर पत्रव्यवहार चालू आहे. डॉक्टरांनी मात्र एक गोष्ट सुरू केली. जामिनाचा अर्ज पडला की ते रुग्णाला विचारतात, तुला न्यायला कोण येणार, पहिल्या रात्री कुठे झोपणार, आणि तुमच्यात सुटून आलेल्या माणसाला काय करतात. पहिल्यांदा विचारताना त्यांना स्वतःलाच हसू आलं होतं. नंतर ते मला सांगू लागले. कुणाची आई कपडे जाळते. कुणाचा बाप थेट सलूनमध्ये नेतो आणि डोकं भादरतो. एकाने विचार करून सांगितलं, "माझ्याकडे काही करायला कुणी नाही, साहेब. द्या पिशवी."

निकाल आला. जंतू थोडे होते, अजून होते, पण नेहमीच्या गोळ्यांना मरणारे होते. डॉक्टरांनी उपचार पुढे चालू केला आणि वाया गेलेले दिवस शेवटी जोडले. मुलीला आजार नव्हता. तो होऊ नये म्हणून तिलाही काही महिने औषध घ्यायचं होतं, आणि ते पाजताना ती सेविकेच्या अंगावर थुंकली, असं सेविकेनेच कौतुकाने सांगितलं.

परवा मी आरोग्य केंद्रात गेले होते, दुसऱ्याच एका रुग्णासाठी. बीपीच्या रांगेत ती आई उभी होती. तिने मला ओळख दिली नाही आणि मीही नाही. तिच्या मागची बाई पिशवीतली संपलेली पाकिटं बघून म्हणाली, "अगं बया, एवढ्या गोळ्या? समद्या तुज्याच?"

"माज्याच. वय झालं की वाडत जात्यात."

खिडकीशी आल्यावर तिने आवाज खाली आणला. मी बाजूला उभी होते म्हणून ऐकू आलं. "तो रोज म्हनतोय, आता बरं वाटतंय, बंद करू का."

"मग तुम्ही काय म्हणालात?" सेविकेने विचारलं.

"म्हनले, नुस्ता जामीन झालाय तुजा. सुटका न्हाई झाली अजून."

सेविकेने पाकिटं मोजून दिली. आईने ती आपल्या गोळ्यांच्या खाली सारली, दोरी ओढली, पिशवी पदराआड धरली आणि सहा आसनी रिक्षा गाठायला घाईने निघाली. मी दारापर्यंत गेले. रस्त्यावर कंटेनरची रांग लागली होती आणि ती त्यातून वाट काढत होती. उपचाराचे बरेच महिने अजून बाकी आहेत. रिक्षात ती बसली का, हे मला गाड्यांमुळे नीट दिसलं नाही, म्हणून मी आणखी थोडा वेळ तिथेच उभी राहिले.